ट्रॅम्पोलिनवर नारळ

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी ट्रॅम्पोलिनवर नारळ फोडायला गेलो.

यात चूक काय आहे हे मला नारळ हातातून सुटेपर्यंत समजलं नव्हतं. आमच्या कारखान्यात खंडेनवमीला प्रत्येक मशीनची पूजा होते. झेंडूचा हार, कुंकवाचं स्वस्तिक, आणि मशीनच्या बिडाच्या पायावर एका फटक्यात नारळ. गेली चोवीस वर्षं तो फटका मारायचा मान माझा, कारण मी तिथला सेफ्टी ऑफिसर. मशीन कुणाचा हात मागणार नाही अशी प्रार्थना करायची तर ती मीच करायला हवी, असं सगळ्यांचं मत. तेव्हा घरात नवीन आलेल्या यंत्राला नारळ द्यायचाच, हे मी आदल्या दिवशीच जाहीर केलेलं. निळ्या गादीवर स्वस्तिक काढलं, जाळीला तोरण बांधलं, बायको ताट घेऊन उभी राहिली, सात वर्षांची आमची मुलगी हात जोडून. मी जाळीच्या दारातून कमरेपर्यंत आत वाकलो आणि पूर्ण ताकदीने नारळ मधोमध आपटला.

नारळ खाली गेला. कापड खोल दबलं. मग नारळ परत आला, गेला होता त्याहून घाईत, आणि माझ्या डाव्या भुवईच्या वर लागला.

मी डोकं धरून खाली बसलो. नारळ घरंगळत अळूत गेला. पहिल्या मजल्यावरच्या आजी बाल्कनीतून सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "फुटला का रे?"

"नाही," बायको म्हणाली.

"नारळाचं नाही विचारत मी."

मुलगी टाळ्या वाजवत होती. "बाबा, नारळ जिंकला!"

बायकोने अळूतून नारळ काढला, पदराने पुसला आणि घरात नेऊन देवापुढे ठेवला. "राहू दे," एवढंच म्हणाली. कधी फोडायचा ते बोलली नाही. पुढे कामावर गेलो तेव्हा कपाळावर आवळ्याएवढं टेंगूळ होतं, आणि गेटवरचा वॉचमन मला म्हणाला, "साहेब, हेल्मेट?"

आता हे यंत्र आमच्याकडे आलं कसं ते सांगतो.

आम्ही डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आतल्या अंगाला, चार मजली जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहतो. मागे सोसायटीची मोकळी पट्टी आहे. तिथे एक चिकू, एक अनंत आणि अळू, हे सगळं आम्ही सांभाळतो म्हणून ती जागा आमची असल्यासारखी झाली आहे. आमच्या लग्नाला तेरा वर्षं झाल्यावर मुलगी झाली. त्यामुळे ती जन्मली तेव्हापासून अख्ख्या इमारतीला तिची काळजी. ती जिना चढली की वरून कुणीतरी म्हणतं, "पडशील." सायकलवर बसली की, "पडशील गं." चिकूच्या पहिल्या फांदीला हात लावला की तीन मजल्यांवरून एकदम. आणि खोटं कशाला बोलू, त्यातला सगळ्यात मोठा आवाज माझा. ज्याचा पगारच "पडशील" म्हणण्याचा आहे, तो घरी येऊन वेगळं काय म्हणणार? पोरगी इतकी शहाणी झाली की पळताना भिंतीला हात लावून पळायची. शाळेत खो-खोला तिला कुणी घेत नव्हतं. घरी येऊन सांगायची, "मी बघत होते."

माझा मेहुणा ठाण्याला, कोलशेतला मोठ्या टॉवरमध्ये राहतो. त्याच्याकडे एका वाढदिवसाला भाड्याचं ट्रॅम्पोलिन आणलेलं. पोरं रांगेत, हाताला कागदी पट्टे. आमची मुलगी रांगेत शेवटी गेली, कारण पुढे ढकलाढकली होती. तिचा नंबर आला तेव्हा सगळे केक कापायला गेलेले. ती एकटीच आत होती, दोन मिनिटं. मी जाळीबाहेर उभा होतो. ती उडाली, आपटली, ढुंगणावर बसली, तशीच पुन्हा उठून उभी राहिली आणि तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आजवर लपवून ठेवलेलं काहीतरी तिला सापडलं आहे.

परत येताना आम्ही रिक्षात बसलो. तिने विचारलं, "बाबा, पडलं तरी लागत नाही अशी जमीन आपल्याकडे का नाही?"

चोवीस वर्षांच्या अनुभवी सेफ्टी ऑफिसरने त्याच रात्री ट्रॅम्पोलिन मागवलं.

दोन खोकी आली. स्प्रिंगा लावता लावता माझ्या बोटांची सालं गेली. आठ फुटांचं गोल, भोवती उंच जाळी, जाळीला चेन, स्प्रिंगांवर जाड निळी गादी. खाली जमीन सपाट आहे का हे मी पाणसळ लावून तपासलं. चिकूची एक फांदी छाटली. जाळीवर एक पांढरा कापडी तुकडा शिवलेला होता, त्यावर छोटी छोटी चित्रं होती. एका चित्रात दोन माणसं एकत्र उड्या मारताना आणि त्यावर लाल फुली. ते मी पाहिलं. कारखान्यात मी असे शेकडो फलक लावले आहेत, आणि कामगार ते वाचत नाहीत म्हणून त्यांना पुष्कळ बोललो आहे. तर, ते मी पाहिलं आणि पुढे गेलो.

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत मुलगी रोज संध्याकाळी उडायची. आजी वरून म्हणायच्या, "इतक्या वर्षांनी झालेलं लेकरू, आणि हे चाळणीत घालून चाळतायत!" मी वर बघून हात जोडायचो. मला आतून फार बरं वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात तिने भिंतीला हात न लावता अंगण पार केलं.

मग दिवाळीच्या सुट्टीतला रविवार आला.

फराळ झाला होता. माझ्या पोटात चार करंज्या होत्या. समोरच्या बाल्कन्यांत पाहुणे उभे होते, कुणाकुणाचे भाऊ, भाचे, आणि सगळे आमच्या मुलीकडे कौतुकाने बघत होते. मला वाटलं, आपणही जरा. चप्पल काढली, चेन उघडून आत शिरलो, आतून चेन लावली. नियम म्हणजे नियम. मुलगी म्हणाली, "बाबा, तू?" मी म्हणालो, "एकच उडी." पहिली उडी हळू मारली. पाहुणे हसले. दुसरी जरा जोरात मारली.

माझं वजन शहाऐंशी किलो. तिचं बावीस. मी खाली आलो त्याच क्षणी तीही खाली येत होती, आणि माझ्यामुळे दबलेलं ते कापड तिच्या पायाखालून वर आलं. नारळाने मला आधीच सांगितलेलं ते पुन्हा घडलं, फक्त या वेळी वर गेली ती माझी मुलगी. ती आजवर कधी गेली नव्हती इतकी उंच गेली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. भीती नव्हती त्यावर, नुसतं आश्चर्य. मग ती खाली आली, डाव्या हातावर.

ती ओरडली नाही. हात पोटाशी धरून म्हणाली, "आई."

मी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण देतो. वर्षातून दोनदा, हजेरी घेऊन. त्या वेळी मी घरात प्रथमोपचाराची पेटी शोधत फिरत होतो आणि ती मला सापडत नव्हती. तोवर बायकोने मुलीच्या दप्तरातली लाकडी पट्टी काढून मनगटाखाली धरली, ओढणीने बांधली आणि रिक्षा बोलावली. रिक्षात बायको माझ्याकडे पाठ करून बसली. आवळ्याएवढं टेंगूळ परवडलं.

हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "कशी पडली?"

मी म्हणालो, "ट्रॅम्पोलिनवरून."

मुलगी म्हणाली, "मी पडले नाही. बाबाने उडवलं."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे, आणि त्यांना पुढचं काही विचारावं लागलं नाही. मनगटाला बारीक चीर होती. प्लास्टर घालता घालता ते म्हणाले, "हिचं वय सहाच्या आत असतं ना, तर मी सांगितलं असतं, घरात आणूच नका. आताही मी आणा म्हणणार नाही. माझ्याकडे येतात त्यांतली बरीच मुलं एकटी नसतात आत. दोघं, तिघं, किंवा," ते थांबले, "मोठं माणूस. ठेवणारच असाल तर एका वेळी एकच. कोलांट्या नाहीत. आणि बाहेर कुणीतरी उभं, फोन खिशात ठेवून."

"हो," मी म्हणालो. फोन माझ्या हातात होता. खिशात ठेवला.

घरी आलो तर सोसायटीच्या फलकावर नोटीस लागलेली होती. सेक्रेटरी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, अक्षर मोत्यासारखं. "तळमजल्याच्या मागील मोकळ्या जागेतील धोकादायक उपकरण सात दिवसांत हटवण्यात यावे." आजी म्हणाल्या, "मी सांगितलं होतं." मेहुण्याचा फोन आला, "विकून टाका ना, ऑनलाइन जातं लगेच." सासूबाई फोनवर रडल्या. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "हल्लीचे पालक!" जो भेटेल तो एकच सांगत होता, काढा. मीही काढणारच होतो. पाना घेऊन बाहेर गेलो, पहिला नट सैल केला.

खिडकीतून मुलगी बघत होती, प्लास्टरचा हात गजांवर टेकवून. मग ती हळूच खिडकीपासून बाजूला झाली, आणि आत जाताना तिने उजवा हात भिंतीला लावला.

मी नट परत आवळला.

तेव्हापासून माझं डोकं फिरलं ते फिरलंच. कारखान्यात अपघात झाला की आम्ही मशीन भंगारात देत नाही. आम्ही विचारतो, तिथे कोण उभं होतं, त्याला तिथे उभं राहायची परवानगी होती का, मशीनवरचा संरक्षक गार्ड कुणी काढला. चोवीस वर्षं मी हेच विचारत आलो. आणि माझ्या घरात, मी केलेल्या अपघाताची शिक्षा मी त्या पोरीला देणार? हात तिचा मोडला, उडीही तिचीच घ्यायची? का? तर तिच्या बापाला चार करंज्यांनंतर पाहुण्यांसमोर मिरवायचं होतं म्हणून.

सोसायटीची मीटिंग पार्किंगमध्ये भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये टेबल, चहा. मी कारखान्यातला अपघात अहवालाचा कोरा फॉर्म भरून नेला होता आणि उभा राहून वाचला.

"अपघाताचं ठिकाण: मागील अंगण. इजा झालेली व्यक्ती: वय सात. व्यक्तीची चूक: काही नाही. यंत्राचा दोष: आढळला नाही. कारण: अनधिकृत इसमाचा यंत्रात प्रवेश. इसमाचं वजन शहाऐंशी किलो. इसमाने सूचनाफलक वाचला होता का: होय. पाळला का: नाही. इसमाला याआधी ताकीद मिळाली होती का: होय, नारळाकडून."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. सेक्रेटरी हसले नाहीत. "साहेब, विनोद पुरे. काढणार की नाही?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. जागा सोसायटीची आहे, बरोबर. मग जिना पण सोसायटीचाच आहे. गेल्या पावसाळ्यात त्यावरून तुम्ही स्वतः घसरलात. आपण जिना काढला का?"

"तो जिना आहे हो!"

"जिन्याला आपण कठडा लावला. मी पण लावतो. पण यंत्र राहील. काढायचंच असेल तर त्या यंत्रातून मला काढा, आणि तो ठराव मीच मांडतो."

आजी खुर्चीत सावरून बसल्या. "अरे, पण पोर पुन्हा पडली तर?"

"पडेल, आजी," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "पडेलच. तिला आपण सगळ्यांनी मिळून सात वर्षं सांगितलंय, पडशील पडशील. भिंत धरून चालते ती पोरगी. मला ती पडायला हवी आहे. मऊ जागेवर, जाळीच्या आत, एकटी, मी बाहेर उभा असताना. पडून तिची तिने उठायला हवी आहे. हे तिला जिन्यावर शिकवू का?"

सेक्रेटरींनी चहाचा कप बाजूला सारून वही ओढली. मग ठराव झाला. मी लेखी जबाबदारी घ्यायची, एका वेळी एकच मूल, अंधार पडल्यावर कुलूप. मी सही करताना खाली स्वतःच्या हाताने आणखी एक अट घातली: सहा वर्षांखालील कुणी नाही.

या अटीने मी दोन्हीकडून वाईट झालो. आठवड्याने तेच सेक्रेटरी मागच्या दारी आले, साडेचार वर्षांच्या नातीचं बोट धरून. आवाज खाली आणून म्हणाले, "पाचच मिनिटं हो. हलकी आहे, कापूस नुसता."

"नाही."

"अहो, मी हात धरून उभा राहतो तिच्याबरोबर आत."

मी माझ्या कपाळावरची खूण दाखवली. ते नातीला घेऊन गेले आणि महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. नातीला मी चिकू दिले. तेवढ्यावर ती समजली. आजोबा समजले नाहीत.

प्लास्टर निघालं. आणखी काही आठवडे थांबा असं डॉक्टर म्हणाले, आम्ही थांबलो. मग एका संध्याकाळी मी जाळीची चेन उघडली, गादीवरचा पाचोळा झटकला आणि हाक मारली.

ती आली, जाळीला हात लावला, आणि परत गेली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी सगळ्या इमारतीशी भांडून हे यंत्र ठेवलं होतं, आणि जिच्यासाठी ठेवलं ती त्यात पाय टाकत नव्हती. आजी वरून बघत होत्या. मला पहिल्यांदा वाटलं, आपलं चुकलंच असेल. सगळे म्हणत होते तेच खरं असेल.

चौथ्या दिवशी मी अनंताला पाणी घालत होतो. ती शेजारी येऊन उभी राहिली.

"बाबा, तू येणार नाहीस ना वर?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. चार दिवस मी समजत होतो की तिला ट्रॅम्पोलिनची भीती बसली आहे.

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."

"तू तेव्हा पण एकच उडी म्हणाला होतास."

"हो."

"मग रेष काढ. तुझ्या कंपनीत आहे तशी. पिवळी."

कारखाना बघायला मी तिला एकदा नेलं होतं. तिथे मशीनभोवती पिवळी रेष असते, काम नसलेल्याने ती ओलांडायची नाही. तिला तेवढंच आठवत होतं. मी माळ्यावरून उरलेला पिवळा ऑइलपेंट काढला, ट्रॅम्पोलिनच्या पायांपासून सुतळीने माप घेत खडूने भोवती वर्तुळ आखलं आणि फरशीवर रेष ओढली. तिने येऊन तपासलं, इन्स्पेक्टरसारखं, हात मागे घेऊन.

"अजून मागे."

मी दुसरी रेष ओढली.

"अजून."

तिसरी रेष अळूत गेली. माझी खुर्ची चिखलात, गुडघ्यांभोवती पानं, मागे गटाराचं झाकण. "इथे बस," ती म्हणाली. मी बसलो. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

मुलगी आत गेली, चेन स्वतः लावली. आधी नुसती बसली. मग उभी राहिली. मग गुडघे हलवले, पाय न उचलता. मग एक उडी. अगदी एवढीशी. डावा हात तिने पोटाशी धरला होता. दुसऱ्या उडीला तो सुटला. तिसरीला ती घसरून बसली, आणि वरून आजींचा आवाज आला, "अगं, पड..." आणि तो मध्येच अडला. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "केस बांध गं! डोळ्यांत जातायत."

तिने केस बांधले आणि उंच उडाली. उडता उडता एकदम गुडघे वाकवून जागच्या जागी थांबली. कापड तिच्या पायाखाली शांत झालं.

"बघ," ती मला म्हणाली, "मला थांबता येतं."

मला ते आलं नव्हतं. मी उठून काहीतरी म्हणायला एक पाऊल पुढे टाकलं. तिने बोट दाखवलं. मी परत अळूत बसलो.

अंधार पडायला आला तेव्हा बायको देवापुढचा तो दसऱ्याचा नारळ घेऊन बाहेर आली. इतके दिवस तो तिथेच होता, शेंडीवर कुंकू वाळलेला. तिने तो कानाशी धरून हलवला. आत खोबरं सुटलं होतं, खुळखुळ वाजलं.

"पाणी आटलंय," ती म्हणाली, "पण फोडते आता. पायरीवर. तुम्ही आहात तिथेच बसा."